दोराला परीक्षा नाही

वहिनींच्या हातांना सकाळपासून काम नव्हतं, आणि काम नसलेले हात नसते उद्योग करतात. त्यांनी डबा भरला, मग तो उघडून पुन्हा भरला. झाडावर चढताना नवरा कमरेला आणि मांड्यांना जो पट्टा बांधतो, त्याची एकेक शिवण ओढून पाहिली. ठीक होती म्हणून पुन्हा ओढून पाहिली. धुऊन वाळवलेले हातमोजे झटकले, उलटे केले, परत झटकले. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, किती झटकशील? आत साप शिरलाय का?" तेव्हा त्यांनी हातमोजे ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथेही त्यांना धड उभं राहवेना.

नवरा म्हणजे बांबू. उंच, सडपातळ आणि चालताना किंचित डोलणारा, म्हणून झाडवाल्यांच्या सगळ्या धंद्यात त्याला बांबू म्हणायचे, आणि बांबूची बायको म्हणून ह्या सगळ्या धंद्याच्या वहिनी. लग्न झाल्यापासून दोघं एकत्रच काम करत आले होते. वठलेल्या फांद्या उतरवायच्या, वाऱ्यात छपरावर आपटणारी डहाळी काढायची, कुजलेला फाटा कापून उरलेलं झाड वाचवायचं. तो वर, ह्या खाली. कापायच्या फांदीला बांबू आधी दोर बांधायचा. तो दोर वरच्या कप्पीतून खाली यायचा, बुंध्याला त्याचे वेढे पडायचे आणि शेवटचं टोक वहिनींच्या मुठीत. फांदी सुटली की वहिनी ती जागच्या जागी अडवायच्या, म्हणजे ती कुणाच्या डोक्यात किंवा छपरात जायची नाही. मग सावकाश जमिनीवर उतरवायच्या. फांदी त्यांच्या हातून निसटली असं कधीच झालं नव्हतं, आणि ह्याचा त्यांना किती अभिमान होता हे त्यांनी कुणाला कधी कळू दिलं नव्हतं.

ह्या जोडप्याची एक गंमत होती. जमिनीवर वहिनी नवऱ्याला चारचौघींसारखं "अहो" म्हणायच्या, पण त्याचे पाय जमिनीवरून सुटले की "ए". "ए, डावीकडे." "ए, पाय काढ तिथून." त्यांचं म्हणणं असं, की 'अहो, ऐकलंत का' म्हणेपर्यंत फांदी खाली येते. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या, हातात घरघरणारी करवत, अशा वेळी बांबूला जगात दुसरं काही ऐकू जायचं नाही. ते "ए" मात्र बरोबर जायचं. खाली उतरला की पुन्हा "अहो, चहा घेता ना?"

आज त्याची परीक्षा होती, आणि ही परीक्षा वहिनींनीच ओढवून आणली होती.

झालं होतं असं. शहराच्या कारभाराच्या कचेरीत झाडवाल्यांची गणती अकुशल कामगारांत होती. खड्डे खणणारे, ओझी वाहणारे आणि झाडवाले. वहिनींना हे सहन होईना. त्यांचे मोठे दीर, चपलांचं दुकान चालवणारे भाऊजी, त्यांना मुद्दाम चिडवायचे. "झाडाचे सर्जन म्हणे! अगं, सर्जनचा पेशंट बोंब मारतो. तुमचा पेशंट गप्प उभा असतो. तुम्ही त्याचा पाय काढा नाहीतर कान, तो काय दाद मागणार? कुऱ्हाड आणि मनगट, एवढंच तुमचं शास्त्र."

"मग फांदी कुठे कापायची ते सांगा की, भाऊजी," वहिनी म्हणायच्या. "बुंध्याला लागून की लांब?"

"जिथे हात पोचेल तिथे!"

"बुंध्याला लागून कापलीत तर जखम कधीच भरत नाही. लांब कापलीत तर खुंट कुजतो आणि कीड आत शिरते. फांदी जिथे फुगीर होऊन बुंध्यातून निघते ना, त्या फुगवट्याच्या जरा बाहेर. मग झाड स्वतःच तोंड मिटवतं."

भाऊजी हसायचे. पण वहिनींनी हा विषय धरून ठेवला. धंद्यातल्या सगळ्यांना गोळा केलं, कचेरीत खेटे घातले, बांबूला पुढे केलं. "आमचं काम कुशल आहे," हे त्यांनी बांबूकडून इतक्या वेळा वदवून घेतलं, की अखेर कचेरीने मान्य केलं. नियम निघाला: ह्यापुढे शाळा, दवाखाने, बागा, कुठेही झाडावर चढायचं तर कुशल कारागीर असला पाहिजे, आणि कुशल कोण हे प्रत्यक्ष झाडावर परीक्षा घेऊन ठरेल. जो नापास होईल त्याने पडलेली झाडं जमिनीवर बसून तोडावीत. बांबू जमिनीवर बसून लाकडं तोडतोय, हे चित्र वहिनींच्या डोळ्यांपुढून हलेना. जमिनीवर तो माणूस विझतो, हे त्यांना माहीत होतं.

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण खरं अवलक्षण पुढेच होतं. नियम लिहिण्याआधी कचेरीतल्या साहेबांनी दोघांना बोलावून कामाची सगळी माहिती विचारली होती. बांबूचं ऐकून झाल्यावर साहेब वहिनींकडे वळले. "आणि बाई, तुम्ही काय करता?"

आता खरं तर इथे बोलायचं. पण बाईमाणसाची जन्मभराची खोड! घरी कुणी स्वयंपाकाचं कौतुक केलं तर "काही नाही हो, घाईघाईत केलंय" म्हणायचं, तसंच त्या म्हणून गेल्या, "मी कुठे काय? मी खाली उभी असते. नुसता दोर धरते."

साहेबांनी मान डोलावली. नियमात आलं ते असं: वर चढणारा कुशल, दोरावर मदतनीस, अकुशल, कचेरी पाठवील तो. आणि परीक्षेत सर्वांना सारखा न्याय मिळावा म्हणून दोरावर घरचं माणूस चालणार नाही.

बांबूने हे वाचून दाखवलं. वहिनींनी मोरीत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली.

परीक्षेची जागा वाचनालयाच्या आवारात होती. मागच्या अंगणात एक जुनं, मोठं झाड, आणि त्याची एक आडवी जाडजूड फांदी वाचनकक्षाच्या काचेच्या छपरावर पसरलेली. छप्पर तसं बरंच खाली होतं, पण फांदी मोडली असती तर थेट काचेतूनच आत गेली असती. ती तुकड्यातुकड्यांनी उतरवायची, एकही काच न फोडता, झाडाची साल न फाडता. बुंध्यापासून दूर पिवळी फीत ताणून लोकांना अडवलं होतं. एका बाजूला टेबल मांडून साहेब बसले होते. साहेब कोरडे होते, पण वाईट नव्हते. कधीकाळी स्वतः झाडावर चढायचे आणि एका गुडघ्याने अजून लंगडायचे.

वहिनी फितीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. शेजारी भाऊजी, दुकान बंद ठेवून आलेले. "पास झाला तर दारावर पाटी मी रंगवून देतो," ते म्हणाले. "वृक्षवैद्य."

"भाऊजी, आज नको."

दोरावर कचेरीने जो माणूस दिला होता, तो पन्नाशीचा, मानेपासून पोटापर्यंत एकसंध, बुटका गडी होता. अर्धं आयुष्य गोदीत जहाजांवरचा माल उतरवण्यात गेलं, गोदी बंद पडली आणि कचेरीने त्याला इथे आणून उभं केलं, म्हणून सगळे त्याला गोदीवाला म्हणत. त्याने बांबूशी हात मिळवला, झाडाकडे वर पाहिलं, दोर हातात घेऊन त्याला एक पीळ दिला आणि सोडला. वहिनींना तो माणूस आवडला नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माझ्या जागेवर उभा आहे म्हणून. निदान मनाशी त्या खोटं बोलत नसत.

बांबू चढला. चढण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. बघणाऱ्यांच्या माना कौतुकाने वर वर जात राहिल्या. पहिले दोन-तीन लहान तुकडे गोदीवाल्याने खाली घेतले. वहिनींची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. त्या जागच्या जागी पाय बदलत राहिल्या. भाऊजी कंटाळून म्हणाले, "अगं, एका जागी उभी राहा ना! मलाच घेरी येतेय."

मग मोठा तुकडा आला, छपराच्या बरोबर वरचा. बांबूने दोर बांधला. गोदीवाल्याने बुंध्याला वेढे दिले, आणि वहिनींनी ते मोजले. दोनच! एवढ्या वजनाला त्यांनी चार दिले असते. शिवाय दोर ताठ ओढून धरायचा सोडून त्याने तो ढिला सोडला होता. हातापाशी दोराचा चक्क झोका लोंबत होता. ढिला दोर म्हणजे मरण, हे वहिनींना त्यांच्या झाडवाल्या वडिलांनी शिकवलं होतं. फांदी सुटणार, झोका संपेपर्यंत धावत खाली येणार, काच जाणार, झाड हादरणार आणि वर करवत हातात घेतलेला बांबू...

बांबूने खालून चीर दिली. मग वरून करवत लावली. भुसा उडू लागला.

"दोर ढिलाय," वहिनी पुटपुटल्या. कुणी ऐकलं नाही. "भाऊजी, दोर ढिलाय त्याचा!"

"असेल. त्याला कळत नसेल का?"

करवतीचा आवाज बदलला. लाकूड संपत आलं की तो जरा जड होतो; तो आवाज वहिनी झोपेतही ओळखतील. आणि मग त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते त्यांनी ठरवून काढलं नव्हतं.

"ए! थांब!"

बांबू थांबला. दुसरं कुणीही ओरडलं असतं तर थांबला नसता, कारण त्याला ऐकूच गेलं नसतं. पण ह्या एका आवाजावर त्याचं बोट करवतीच्या खटक्यावरून आपसूक उठायचं. पण लाकूड कापताना थांबण्याची एक वेळ असते, ती टळून गेली होती. फांदी तीन हिस्से तुटलेली, एक हिस्सा धरलेली. ती कुरकुरली, वाकली आणि खालच्या बाजूने चर्रकन साल सोलत अर्धवट लोंबकळू लागली. फाट्याचा पांढरा गाभा लांबूनही दिसत होता. बांबूचा खांदा त्या फाटलेल्या लाकडापासून हातभर लांब होता.

गोदीवाला पहिल्यांदा बोलला, आणि ओरडून नाही. "कोण ओरडलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "दोर ढिला होता तुमचा."

"ठेवला होता," तो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलंही नाही; त्याचे डोळे वर फांदीवर होते. "अडवायची नसते, बाई. थोडी धावू द्यायची आणि हळूहळू दाबत आणायची. खाली जागा आहे ना भरपूर. अडवली तर सगळा दणका झाडाला बसतो, आणि झाडाला कोण बांधलेलं आहे?"

वहिनींनी छपराकडे पाहिलं. जागा होती. फांदीकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या दोराकडे पाहिलं, आणि त्यांना ते दिसलं. संपूर्ण नाही, पण एवढं कळण्यापुरतं की तो म्हणतो ते खरं आहे आणि आपल्याला ते येत नाही. इतकी वर्षं दोर धरून येत नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "चुकलं माझं." पण चुकलं म्हटल्याने फांदी काही जागेवर जाणार नव्हती.

साहेब टेबलामागून उठून लंगडत फितीपाशी आले. "बाई, आता तोंडातून शब्द नको. हात नाही, खूण नाही. वर गोंधळ झाला तर माणूस जाईल."

गोदीवाल्याने दोर हळूच ताणला, लोंबत्या फांदीचं वजन थोडं पेललं. मग वर हाक दिली. "आता चालेल. कापा!"

बांबूने कानावरची एक टोपी सरकवली होती. त्याला ऐकू गेलं होतं. पण त्याने करवत उचलली नाही. मान वळवून, फांद्यांमधून, फितीकडे पाहिलं. वहिनींकडे.

"कापा, दादा! जास्त वेळ धरणार नाही ती!"

बांबू वहिनींकडेच बघत राहिला. त्याची नजर त्या ओळखत होत्या. तिच्यात भीती नव्हती, नुसता प्रश्न होता, रोजचाच: कापू ना? आणि रोज त्या खालून मान हलवत, आणि तो कापत असे. आज मात्र वहिनींच्या मानेला काही सुचेना. हो म्हणावं तर कशाच्या जोरावर? दोर किती ताणलाय, किती धावेल, कधी दाबायचा, ह्यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. न कळता मान हलवली आणि तो गेला तर? नाही म्हणावं तर फांदी आपली आपण तुटेल, आणि तीही त्याच्याच अंगावर. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्यांना त्या घटकेला कळलं.

"ए भाऊ, तिच्याकडे काय बघतोस?" भाऊजी ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "दोरवाल्याकडे बघ!"

पण बांबू बघणार नव्हता. वहिनी समोर दिसत होत्या तोवर तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नव्हता. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून त्याला तशीच सवय लावली होती. हे ध्यानात आलं तेव्हा वहिनींनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल भाऊजी पुढे कितीतरी दिवस म्हणत, मला वाटलं तिला वेड लागलं. त्यांनी झाडाकडे पाठ केली आणि चालायला लागल्या.

"अगं, कुठे निघालीस? अगं तो वर आहे!"

वहिनी थांबल्या नाहीत. मागे वळून पाहिलं तर संपलं, हे त्या जाणून होत्या. वाचनालयाच्या भिंतीच्या कडेकडेने गेल्या, कोपरा वळल्या, आणि सायकली लावायच्या जागेत एका लोखंडी नळीला धरून उभ्या राहिल्या. इथून झाड दिसत नव्हतं. झाडावरून त्याही दिसत नव्हत्या. भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. त्यांना वाटलं धावत परत जावं. गुडघे तिकडे वळलेही. आतून कुणीतरी म्हणत होतं, तो तुला शोधतोय, तो घाबरला असेल, जा. वहिनींनी नळी आणखी घट्ट धरली. "माझ्याकडे नको रे बघूस," त्या भिंतीला म्हणाल्या. "त्याचं ऐक. ऐक त्याचं." आयुष्यात त्यांना असं काही मागावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं, की नवऱ्याने दुसऱ्याचा शब्द मानावा.

गोदीवाल्याची हाक आली. शब्द कळले नाहीत.

मग करवत सुरू झाली.

आता तो आवाज येईल. फांदी दोरावर अडली की एक खणखणीत दणका होतो, दोर टणत्कारतो, झाडाची पानं खालपर्यंत थरथरतात. तो दणका म्हणजे पकडली, वाचला, हे त्यांच्या कानांना इतकं पक्कं होतं, की त्याच्याशिवाय दुसरी कुठलीही खूण त्यांना माहीत नव्हती. करवत थांबली. आणि दणका झालाच नाही. काहीच झालं नाही. काच फुटली नाही, कुणी किंचाळलं नाही, दोर वाजला नाही. फक्त पानांची लांब सळसळ, वरून खाली, आणि मग काही नाही.

त्या शांततेत वहिनींनी नवरा मेलेला पाहिला. खोटं कशाला बोला, पाहिलाच. त्याची चप्पल दारात कुठे असते तेही डोळ्यांपुढे आलं.

आणि मग भिंतीपलीकडे भाऊजी टाळ्या वाजवायला लागले. एकटेच, मोठमोठ्याने, दुकानात गिऱ्हाईक शिरल्यासारखे.

वहिनी खाली बसल्या. बऱ्याच वेळाने उठल्या.

त्या परत आल्या तेव्हा फांदी छपराच्या बाजूला जमिनीवर निजवल्यासारखी पडली होती आणि बांबू वर फाटलेली साल सुरीने साफ करत होता. कडा गुळगुळीत केल्या, फुगवट्याला धक्का न लावता उरलेला खुंट काढला आणि सावकाश उतरला. साहेबांनी दुर्बिणीतून जखम पाहिली, टेबलावर काही लिहिलं आणि मान वर केली. "सालीचे गुण गेले. पण थांब म्हटल्यावर थांबलात, तो नियमच आहे. कोण म्हणालं ते नियमात नाही. आणि नंतर दोरवाल्याचं ऐकलंत. काठावर पास." मग कागदाकडे बघून, "कुशल."

भाऊजींनी भावाला मिठी मारली. बांबू मिठीतून सुटला आणि तडक वहिनींकडे आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"कुठे गेली होतीस? वळून बघतो तर तू नाहीस! मग काय करतो, त्या बुटक्याचं ऐकलं." तो दम घेत म्हणाला. "अगं, आणि गंमत सांगू? हिसकाच नाही! फांदी गेली आणि मला कळलंही नाही. नेहमी कसा तो झटका कमरेतून वर मानेपर्यंत जातो, दात वाजतात, तसं काही नाहीच. नुसतं मऊ."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "नेहमी जातो?"

"जायचाच. झाडच हलतं ना. धंद्यातलंच आहे ते, असं धरून चाललो होतो."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात?" बांबूला खरंच कळेना. "तू पकडायचीस म्हणून तर मी धड खाली येत होतो."

रोज संध्याकाळी तो पालथा पडायचा आणि त्या त्याच्या कमरेवर गरम पाण्याची पिशवी धरायच्या. वय झालं आता, असं दोघंही म्हणायचे. वय कसलं! ते दणके त्यांच्या मुठीतून गेले होते, एकेक करून, आणि प्रत्येक दणक्याला त्या मनात म्हणाल्या होत्या, पकडली. वहिनींना रडू आलं नाही. त्यांना राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळून त्या सरळ टेबलाकडे निघाल्या.

"साहेब, दोराची परीक्षा कधी आहे?"

साहेब कागद गोळा करत होते. "दोराला परीक्षा नाही, बाई. दोरावर मदतनीस असतो. तुम्हीच सांगितलं होतंत मला, की नुसता धरायचा असतो."

"सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं." मागून बांबू "अगं" म्हणाला, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. "आज मी फितीबाहेरून एक शब्द बोलले आणि माणूस मरता मरता वाचला. ज्या कामात एवढी मोठी चूक करता येते, ते अकुशल कसं? ह्या गोदीवाल्याला विचारा. त्यालाही तुम्ही मदतनीसच लिहिलंय ना?"

गोदीवाला दोर गुंडाळत होता. तो गुंडाळायचा थांबला.

"समजा ठेवली परीक्षा," साहेब म्हणाले. "आता मदतनीस म्हणून तुमचं नाव निदान कचेरीच्या यादीत राहतं. बोलावणं आलं तर तुम्हाला पुन्हा ह्यांच्या दोरावर उभं राहता येईल, आज ना उद्या. परीक्षा ठेवली आणि तुम्ही नापास झालात, तर दोराला हात लावता येणार नाही. कायमचा. ते चालेल?"

वहिनींनी मागे वळून बांबूकडे पाहिलं. तो एक हात नकळत कमरेवर ठेवून उभा होता.

"आज घेतलीत तर मी नापास होणार," त्या म्हणाल्या. "तरी ठेवा. दोर गेला तर गेला. ह्यांच्या अंगावर शिकत राहण्यापेक्षा गेलेला बरा."

साहेबांनी गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले आणि पेनाचं टोपण काढलं.